मदत हवी आहे : सोलापूरच्या उन्हात आणि वाऱ्यात मुलांना बॅडमिंटन शिकवण्यासाठी कोणते शटल घ्यावे?

नमस्कार. विजापूर रस्त्यालगतच्या आमच्या वसाहतीतील मुलांना यंदाच्या सुट्टीत, नुसते फूल उडवण्यापलीकडे जाऊन, रीतसर बॅडमिंटन शिकवण्याचे काम मी अंगावर घेतले आहे. मोकळ्या मैदानावर चुन्याने १३.४० मीटर लांब व ६.१० मीटर रुंद कोर्ट आखले असून जाळे खांबांपाशी १.५५ मीटर व मध्यभागी १.५२४ मीटर उंचीवर बांधले आहे. आपले गुण सम असतील तर उजवीकडून आणि विषम असतील तर डावीकडून सर्व्हिस करायची, हे मुलांना दोन दिवसांत उमगले.

अडचण आहे ती शटलची. सोळा पिसांचे शटल जेमतेम ५ ग्रॅमचे, त्यामुळे सायंकाळचा वारा ते सहज भरकटवतो. शिवाय तापलेली हवा विरळ होत असल्याने तोच फटका हिवाळ्यापेक्षा लांब जातो आणि मुलांचा अंदाज चुकतो. दुकानात ७७ क्रमांकाचे शटल मिळते. एप्रिल-मे महिन्यांत ७५ किंवा ७६ क्रमांकाचे, म्हणजे कमी वेगाचे, घ्यावे का? की सरावासाठी हिरव्या पट्टीचे, म्हणजे कमी वेगाचे, नायलॉनचे शटलच पुरेल?

या निमित्ताने मुलांना खेळाचा पूर्वेतिहासही सांगतो आहे. फळीने शटल हवेत झेलत ठेवण्याचा खेळ युरोपात जुनाच होता. पुण्याच्या छावणीतील ब्रिटिश अधिकाऱ्यांमध्ये जाळ्यावरून खेळायचा खेळ रुजला, ‘पूना’ या नावानेही तो ओळखला गेला आणि पुढे इंग्लंडमधील ड्यूक ऑफ ब्यूफोर्ट यांच्या बॅडमिंटन हाउसवरून त्याला आजचे नाव मिळाले. म्हणून ‘बॅडमिंटन पुण्यात जन्मले’ असे सरसकट म्हणण्यापेक्षा ‘पुण्यात ते घडले’ असे म्हणणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

त्या काळी हा खेळ उघड्यावरच खेळला जाई आणि वारा असल्यास शटलऐवजी लोकरीचा चेंडू वापरीत. तंजावरशी नाते सांगणाऱ्या बॉल बॅडमिंटनमध्ये तो आजही आहे. वाऱ्याच्या दिवशी आम्हीही तसा चेंडू वापरावा, असा विचार मनात आहे. मात्र तो शटलपेक्षा कितीतरी जड असतो आणि शटलसारखा हवेत मंदावत नाही. नवशिक्या मुलांच्या मनगटाला त्यामुळे चुकीचे वळण लागेल का? साध्या रॅकेटची तार तो सोसेल का? उघड्या मैदानावर मुलांना शिकवलेल्या जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.