आर्थर पॉन्सनबी: खरा युद्धविरोधक, की १९३५ ला चुकलेला?

रानवारा:
ब्रिटिश राजकारणी पॉन्सनबी. जन्म १८७१ चा, विंडसर कॅसल या राजवाड्यातला. वडील व्हिक्टोरिया राणीचे खासगी सचिव. असा माणूस १९०८ मध्ये खासदार होतो आणि लगेच राजाने रशियाच्या झारला भेटण्याविरुद्ध मत देतो. राजवाड्याच्या गार्डन पार्टीचं आमंत्रण त्याला नाकारलं जातं. १९१४ मध्ये तो पत्रकार मोरेल, मजूर पक्षाचा नेता मॅकडोनल्ड यांच्यासोबत ‘युनियन ऑफ डेमोक्रॅटिक कंट्रोल’ ही परराष्ट्र धोरणावर लोकांचं नियंत्रण मागणारी संघटना उभी करतो, कारण लोकांना न विचारता दुसऱ्या देशांना दिलेले शब्दच देशाला रणांगणात ओढतात असं त्याचं मत. १९१८ मध्ये खासदारकी गेली.
पण १९२४ च्या मजूर सरकारात परराष्ट्र खात्याचा उपमंत्री असताना त्याने प्रथा घातली: दुसऱ्या देशांशी केलेला करार मंजुरीआधी २१ दिवस संसदेपुढे ठेवायचा. २०१० मध्ये तिचा कायदा झाला. युद्धविरोधकाचं इतकं टिकाऊ काम मला दुसरं माहीत नाही.

तिठा:
प्रथा मान्य. पण १९३५ चं काय? इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी अबिसिनियावर (आजचा इथिओपिया) चालून गेला. मजूर पक्ष इटलीवरच्या आर्थिक निर्बंधांच्या बाजूने उभा राहिला, म्हणून पॉन्सनबीने लॉर्ड्समधलं, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहातलं, पक्षनेतेपद सोडलं. विषारी वायू झेलणाऱ्या हबशी लोकांनी मग कोणाकडे बघायचं? आणि १९२८ चं ते पुस्तक, ‘फॉल्सहूड इन वॉरटाइम’! जर्मन लोक प्रेतांची चरबी काढतात वगैरे पहिल्या महायुद्धातल्या अफवा त्याने उघड्या पाडल्या. पुढे नाझी छळाच्या खऱ्या बातम्याही अनेकांनी तशाच समजून झटकल्या.

रानवारा:
अफवा पिकवल्या, पसरवल्या दुसऱ्यांनी आणि दोष उघड करणाऱ्याला? हे मला पटत नाही. निर्बंधांमागे शेवटी आरमारच उभं असतं, हे तो आधीपासून सांगत होता. शिवाय ते निर्बंध किती खरे होते? तेल वगळलं, सुएझ कालवा इटलीच्या जहाजांना खुला ठेवला.

तिठा:
म्हणजे ते अर्धवट होते. उपाय अर्धवट असेल तर तो पुरता करा म्हणायचं, की सोडून द्या म्हणायचं?

गावठाण:
मला एक वेगळंच खटकतं. १९१८ ला त्याने किंमत मोजली, मतदारांनी घरी बसवलं. १९३० पासून मात्र तो लॉर्ड, जागा आयुष्यभराची. त्या वेळचा हट्ट स्वस्त होता.

रानवारा:
स्वस्त? १९४० मध्ये मजूर पक्ष चर्चिलच्या मंत्रिमंडळात गेला तेव्हा त्याने पक्षच सोडला. वय एकोणसत्तर, आणि जवळपास सगळा देश विरुद्ध बाजूला.

तिठा:
आणि तेव्हा देशाचंच बरोबर होतं. १९१४ चं उत्तर त्याने १९४० च्या प्रश्नाला दिलं. त्याच्या प्रामाणिकपणावर माझा आक्षेप नाही, या उत्तरावर आहे.