जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं, तीन ठिकाणांहून होकार आलाय. पहिली नोकरी कोणती धरू?

नवी_सिस्टर
जीएनएम पूर्ण, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आहे. वय २२. पर्याय असे:
१) तालुक्याच्या गावी ४० खाटांचं खासगी हॉस्पिटल, थेट आयसीयूत. हातात १८,०००, घरून जाऊन-येऊन.
२) पुण्यात ३०० खाटांचं, एनएबीएचवालं (दर्जाची मान्यता असलेलं). सीटीसी, म्हणजे मालकाचा एकूण खर्च, २३,०००. कुठला वॉर्ड ते जॉइन झाल्यावर कळेल. एक वर्षाचा बाँड (आधी सोडलं तर पैसे भरायचे), वर मूळ सर्टिफिकेट जमा करा म्हणतात.
३) जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांचा कक्ष) एनएचएमची, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानाची, कंत्राटी जागा, २०,०००.
पुढे नॉरसेट (एम्सची नर्सिंग भरतीची परीक्षा) द्यायची आहे, जमलं तर गल्फ. घरचे पहिल्यावर अडून बसलेत. काय करू?

वॉर्ड_इनचार्ज
नॉरसेट डोक्यात असेल तर पहिला पर्याय तिथेच बाद होतो. बीएस्सीवाल्यांना अनुभवाची अट नाही, पण जीएनएमला किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलमधला दोन वर्षांचा अनुभव लागतो. ४० खाटांच्या ठिकाणी पाच वर्षं काढलीस तरी तो धरला जाणार नाही. घरच्यांना आधी हे सांग. वयाची मर्यादा ३० आहे, तेव्हा घाई नाही. पण दोन वर्षं वाया घालवण्याइतका वेळही नाही.

दुसरं, "थेट आयसीयू" ऐकायला भारी वाटतं, पण छोट्या ठिकाणी त्याचा अर्थ काय ते विचार. रात्री किती पेशंटमागे किती सिस्टर? व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एकास एक, बाकी आयसीयूत दोघांना एक, हे एनएबीएचचं प्रमाण. सहा खाटा, एक सिस्टर आणि एक मावशी अशी नाइट असेल तर नवीन मुलीने तिकडे जाऊच नये. रात्री डॉक्टर आत असतो की फोनवर? फोनवरची ऑर्डर असेल तर ती लिहायची, परत वाचून दाखवायची, वेळ टाकायची आणि डॉक्टर आले की सही घ्यायची. सही राहिली आणि पुढे काही झालं तर कागदावर फक्त तुझं नाव उरतं.

चुका होतात त्या अशाच जागी. साधं इन्सुलिन घे. ४० युनिटची व्हायल वेगळी, १०० ची वेगळी, सिरिंजही वेगळ्या: लाल टोपणाची ४० साठी, नारिंगी १०० साठी. १०० च्या व्हायलमधून लाल टोपणाच्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत ओढलंस तर पेशंटला २५ युनिट जातात. शेजारी दुसरी सिस्टर असेल तर ती बघते, थांबवते. पोटॅशियम क्लोराइडचंही तेच. १० मिलीच्या अँप्युलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट असतं, ते पातळ केल्याशिवाय शिरेत द्यायचंच नाही. पहिल्या वर्षी तुला शेजारी बघणारी सिनिअर हवी. हजार-दोन हजाराचा फरक नंतर भरून निघतो.

पगारपत्रक
सीटीसी आणि हातातला पगार यांची गल्लत करू नकोस. २३,००० मध्ये बेसिक १२,००० धरलं तर मालकाचा पीएफ १,४४०, ग्रॅच्युइटीचे ५७७ आणि ईएसआयचे (कामगार विमा) ६६० त्यातच मोजलेले असतात. उरला ग्रॉस साधारण २०,३००. त्यातून तुझा पीएफ १,४४० आणि ईएसआय १५३ गेला की हातात १८,७०० च्या आसपास. प्रोफेशनल टॅक्स लागणार नाही, महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंत माफ आहे. मग हॉस्टेल-मेसचे किती कापतात ते विचार. साडेपाच हजार कापले तर १३,२००, म्हणजे घरून जाऊन-येऊन मिळणारे १८,००० जास्तच दिसतील. पण ते १८,००० रोख, पीएफ-ईएसआयशिवाय असतील तर तुलना बदलते. पगाराची स्लिप मिळते का, हा एकच प्रश्न पुरेसा आहे.

२०१६ साली केंद्राच्या समितीने ५० खाटांपर्यंतच्या खासगी हॉस्पिटललाही किमान २०,००० आणि २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार सुचवला होता. शिफारसच ती, प्रत्यक्षात किती ठिकाणी पाळतात ते तुझ्याच ऑफर सांगताहेत.

एसएनसीयू_नाइट
तिसऱ्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. जिल्हा रुग्णालय ५० खाटांच्या अटीत आरामात बसतं. तिथे चार दिवसांचं एफबीएनसी (नवजात बाळांच्या देखभालीचं) प्रशिक्षण आणि दोन आठवड्यांची ऑब्झर्व्हरशिप (बघून शिकणं) ठरलेली आहे, पण नंबर कधी लागतो ते इनचार्ज सिस्टरला विचार. हात चांगला बसतो: किलोमागे डोस काढणं, २४ आणि २६ नंबरची कॅन्युला (शिरेतली बारीक नळी), सीपॅप (श्वासाला दाबाने हवा देणं), फोटोथेरपी (काविळीसाठी प्रकाशाचा उपचार). बाळाच्या औषधात दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट होतो, म्हणून हिशोब दोघींनी करायची सवय तिथे लागते.

तोटा असा, की मोठ्या माणसांच्या नर्सिंगपासून तू लांब जातेस, आणि नॉरसेटच्या पेपरात मेडिकल-सर्जिकलचे प्रश्न भरपूर असतात. अभ्यास घरी बसूनच करावा लागेल. कंत्राट दरवर्षी वाढवून घ्यावं लागतं आणि मानधन उशिरा होतं, तेव्हा दोन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून जा. दहा वर्षांवरच्या कर्मचाऱ्यांच्या समायोजनाचा (नियमित सेवेत घेण्याचा) शासन निर्णय १४ मार्च २०२४ ला निघाला, पण त्या आशेवर पहिली नोकरी निवडू नये.

नवी_सिस्टर
५० खाटांचं माहीतच नव्हतं, आभार. पहिला सोडला. पुण्याला गुरुवारी बोलावलंय. मूळ सर्टिफिकेटचं काय करू? आणि वॉर्ड आधी विचारला तर वाईट दिसेल का?

वॉर्ड_इनचार्ज
अगं, न विचारलं तर वाईट. मूळ कागद दाखवायचे, समोर बसून झेरॉक्स जुळवू द्यायच्या आणि घेऊन निघायचं. नॉरसेटच्या फॉर्मनंतरच्या कागद पडताळणीला, परदेशाच्या व्हेरिफिकेशनला तेच लागतात, आणि नेमके तेव्हा "एचआर सुट्टीवर आहे" ऐकावं लागतं. अडून बसले तर दुसरा पर्याय सोड, तिसरा घे. एवढं सरळ आहे.

बाँडमध्ये रक्कम किती, महिन्यागणिक कमी होते की शेवटच्या दिवसापर्यंत तेवढीच, नोटीस किती दिवसांची, हे वाचून मग सही. इंडक्शन (सुरुवातीचं प्रशिक्षण) किती दिवस, प्रिसेप्टर (शिकवणारी सिनिअर) कोण, स्वतंत्र पेशंट कधीपासून, हे नर्सिंग सुपरिटेंडंटला विचार. एचआरला त्यातलं काही माहीत नसतं. वॉर्ड मागायचाच तर मेडिकल किंवा सर्जिकल माग, सहा महिन्यांनी आयसीयूत बदली मिळते का ते विचार. ओपीडी किंवा हेल्थ चेकअपला टाकत असतील तर नको, गल्फवाले बेडसाइडचा अनुभव बघतात, बहुतेक जागांना दोन वर्षांचा.

जमलं तर ओव्हर (ड्युटी बदलताना पेशंटची माहिती) घ्यायच्या वेळी, सकाळी आठच्या सुमारास वॉर्डाबाहेर उभी राहा. बेडजवळ जाऊन ओव्हर देतात की काउंटरवर वही सरकवतात, ते पाच मिनिटांत दिसतं.

पगारपत्रक
अनुभव पत्राचा नमुनाही आत्ताच विचारून घे. पद, कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत, युनिट, हॉस्पिटलच्या खाटा, तुझा रजिस्ट्रेशन नंबर, लेटरहेड आणि शिक्का. खाटांचा आकडा राहिला तर पडताळणीच्या वेळी पुन्हा त्याच दारात जावं लागतं.

एसएनसीयू_नाइट
कुठेही गेलीस तरी हिपॅटायटिस बीचे तीन डोस झालेत का बघ: शून्य, एक आणि सहा महिने. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर (प्रतिकारशक्ती आली का ते बघणारी रक्ततपासणी) करून घे, १० च्या वर हवा. सुई टोचली तर कोणाला कळवायचं आणि एचआयव्हीची पीईपी (संसर्ग टाळायची) औषधं रात्री कुठे मिळतात, हे पहिल्या दिवशी विचार. ती जितकी लवकर सुरू होतील तितकं बरं, ७२ तासांनंतर देत नाहीत.