रॉचेस्टर मरताना खरंच सुधारला होता का?

जुनी_पानं: इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या दरबारातला कवी जॉन विल्मट, म्हणजे रॉचेस्टरचा अर्ल, याच्याबद्दल वाचतोय. दारू, बायका, खुद्द राजावर अश्लील कविता, आणि 1680 साली तेहतिसाव्या वर्षी मरताना एकदम देवभक्त! काही केल्या पचत नाही. पाद्र्यांनी रचलेली गोष्ट म्हणायची का?

शाईचा_डाग: निव्वळ रचलेली नसावी, पण साक्षीदार कोण ते बघा. एक गिल्बर्ट बर्नेट, पेशानं पाद्री. दुसरी रॉचेस्टरची स्वतःची आई, तीही कडक धार्मिक. रॉचेस्टरच्या जगण्या-मरण्यावरचं बर्नेटचं पुस्तक त्याच वर्षी छापून बाजारात! एवढा नामांकित पापी शरण आलेला, मग थांबतो कोण?

मला विचाराल तर माणूस कळतो तो 'सटायर अगेन्स्ट रीझन अँड मॅनकाइंड' या त्याच्या कवितेत. तिथे म्हणतो, मला निवड असती तर कुत्रा, माकड, अस्वल, काहीही झालो असतो, पण अकलेचा तोरा मिरवणारा हा प्राणी नको. जनावरं पोटासाठी मारतात. माणूस हसून, मिठी मारून केसानं गळा कापतो. दरबारात वाढलेल्यालाच हे सुचणार. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत त्याचं चित्र आहे. त्यात कवीचा मानाचा लॉरेलचा मुकुट तो माकडाच्या डोक्यावर धरतोय आणि माकड पुस्तकाची पानं फाडतंय. तासभर बघत बसावं असं.

जुनी_पानं: म्हणजे टवाळच की!

शाईचा_डाग: टवाळ होताच हो. 1675 मध्ये दारूच्या नशेत राजाच्या बागेतलं सूर्यघड्याळ फोडलं. पुढच्याच वर्षी दरबारातून गायब होऊन लंडनमधल्याच टॉवर हिलवर 'डॉक्टर बेंडो' नावानं वैदू बनून बसला. मूल होत नसलेल्या बायकांवर उपचार वगैरे. त्याची जाहिरात जरूर वाचा. मी तोतया वाटत असेन तर उलट खराच समजा, कारण तोतया नक्कल करतो ती खऱ्याचीच, असा तिचा युक्तिवाद! त्यामुळे पश्चात्ताप खरा की सोंग, याचा निकाल मी तरी लावत नाही.

अर्धविराम: जाता जाता एक. त्याच्या कविता हस्तलिखितांतून हातोहात फिरायच्या. 1680 च्या छापील पुस्तकात इतरांचं बरंच काही त्याच्या नावावर खपवलंय. वाचायचंच तर व्हीथनं (1968) किंवा हॅरल्ड लव्हनं (1999) संपादित केलेली आवृत्ती घ्या.

जुनी_पानं: व्हीथ शोधतो. आधी ती बेंडोची जाहिरात!