एकट्याने केलेला पहिला लांबचा विमानप्रवास आणि तिथला पहिला दिवस

बकुळफूल:
काल रात्री भाचीला वाकडच्या पुलापाशी मुंबईच्या गाडीत बसवून आले. फ्रँकफर्टला चाललीये शिकायला, एकटीच. तिच्या बॅगेची चेन ओढून बंद करताना माझी पहिली खेप आठवली आणि मग झोपच लागली नाही. आपला पुणेकरांचा परदेशप्रवास खंडाळ्याच्या घाटातच सुरू होतो. तिथे गाडी अडली की पोटात जो गोळा येतो, तो विमान उडेपर्यंत जात नाही.

मी फ्रँकफर्टला उतरले तो नेमका रविवार. टर्मिनल एकच्या खालीच लोकलचं स्टेशन आहे, एस-8 किंवा एस-9 ने मुख्य स्टेशन पाव तासावर. फलाटावर जाताना कुणी अडवत नाही, पण आधी मशीनवर तिकीट काढायचंच, तपासनीस आला तर 60 युरो दंड. खोलीवर पोचले तर गल्लीत चिटपाखरू नाही, दुकानं सगळी बंद. जर्मनीत रविवारी तसंच असतं. शेजारच्या बाईंनी जिन्यात पाहिलं आणि सूप-पाव आणून दिला. मला जर्मन येत नव्हतं, त्यांना इंग्रजी. नकाशावर मुख्य स्टेशनावर बोट ठेवून दाखवलं, तिथली दुकानं रविवारीही उघडी असतात. त्या बाईंमुळे मी त्या गावात टिकले असं मला आजही मनापासून वाटतं.

तुमचे पहिले दिवस लिहा ना. तिला वाचायला पाठवणार आहे.

कृष्णाकाठ:
सिडनी. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, कढीपत्ता, खाण्याचं जे जे होतं ते फॉर्मवर लिहिलं होतं. विमानतळावर सामान तपासणाऱ्या बाईंनी मेतकुटाचा डबा उघडून वास घेतला, हे कशात घालतात विचारलं. मऊ भात, तूप, सगळं सांगितलं, मागे ही रांग! मेतकूट सोडलं, कढीपत्ता काढून घेतला. ऑस्ट्रेलियात लपवलं तर दंड, सांगितलं तर फार तर वस्तू जाते. भाचीला सांगा, सांगून टाकायचं.

पेठेतली:
मेतकूट घरचं का? सुनेला पाठवायचंय

कृष्णाकाठ:
हो काकू, आईच्या हातचं. सुकं खोबरं मात्र देऊ नका, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. तेल असतं ना, पेट घेतं.

पेठेतली:
अगं बाई, मी दोन वाट्या किसून ठेवलंय. आता चटणीच करते घरात.

डोंगरवाट:
टोकियो, नारिता. विमानतळ शहरापासून 60 किलोमीटर, आपल्याकडे पुण्याहून लोणावळा. ट्रेनमध्ये इतकी शांतता की मी आईचा फोन कापून मेसेज केला. मी शाकाहारी. दुकानात भाताचे त्रिकोणी गोळे रांगेने मांडलेले, आत काय ते वाचता येईना. काउंटरवरच्या मुलाने हाताने मासा पोहून दाखवला, मी मान हलवली, मग दुसरा दाखवला, परत मान हलवली. शेवटी उमेबोशीचा दिला. खारवलेलं आंबट फळ, थेट लोणचंच. बाकावर बसून खाल्ला आणि रडू आलं, बरं वाटून.

औंधचे_आजोबा:
मी गेलो नाही, मुलगा गेला. शिकागो. हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यामागे साडेअकरा तास, म्हणजे जवळजवळ उलटंच. न्यूअर्कला विमान बदलायचं होतं. अमेरिकेत पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन, सामान उचलायचं आणि पुढच्यासाठी परत द्यायचं, हे त्याच्याकडून पाठ करून घेतलं होतं. तरी हिने देवापाशी दिवा लावला तो फोन येईपर्यंत विझू दिला नाही. मागे राहणाऱ्यांनी काय करायचं त्याचाही धागा काढा कुणीतरी.

बकुळफूल:
आजोबा, इथेच लिहा. माझी बहीण कालपासून फोन हातात धरून बसलीये.

चांदणी_चौक:
मधेच विचारते, पहाटे तीनचं विमान आहे, मुंबई टर्मिनल 2. कोथरूडहून किती वाजता निघू?

डोंगरवाट:
पावसात दुपारी चारला नीघ. लवकर पोचलीस तर बसून राहशील, घाटात अडकलीस तर काही करता येत नाही. आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत, लोणचं चेक-इनमध्ये. लोणच्याला ते द्रव धरतात.

चांदणी_चौक:
थँक्यू! लंडनला चाललेय, अॅडॅप्टर लागेल ना?

बकुळफूल:
तिथे लागेल, तीन चौकोनी पिनांचा. जर्मनीत आपला दोन पिनांचा चार्जर तसाच बसतो. भाचीचा मेसेज आला, पोचली! आईला फोन कर म्हटलं आधी.