मदत हवी आहे: दादाला नैराश्य आहे की नुसतं टेन्शन, कसं ओळखायचं? (नाशिक)

इंदिरानगरकर | शुक्रवार, रात्री ८:१०
दादा पार बदललाय. कोणाशी बोलत नाही, लेकरांवर खेकसतो, द्राक्षबागेत पाऊल टाकत नाही. शेजारच्या बागेला पोंगे (कोंब) फुटलेत आणि आमच्या प्लॉटची अजून छाटणी नाही. गावातल्या डॉक्टरांनी तपासलं, ईसीजी आणि शुगर नॉर्मल. म्हणाले टेन्शन घेऊ नका. हे डिप्रेशन आहे, आळस आहे की आणखी काही, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? नाशिकमध्ये दाखवायचं कोणाला? जरा लवकर सांगा, रविवारी गावी चाललोय.

सायली_गंगापूर_रोड | ८:२२
वय किती? किती दिवसांपासून? झोप, भूक, वजन? आधी कधी असं झालं होतं का? कुठली गोळी चालू आहे? दारू? हे कळल्याशिवाय कोणी काहीही सांगितलं तरी तो अंदाजच.

तपोवन४२ | ८:२५
इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला पाठवा. मोबाइल बंद, मौन, मन शांत होतं. गोळ्यांच्या नादी लागू नका.

इंदिरानगरकर | ८:३१
वय ४४. गणपती उठल्यापासून चाललंय. झोप नाही. बाकी सगळं नॉर्मल. इगतपुरीचा फॉर्म भरू का मग?

सायली_गंगापूर_रोड | ८:४०
नका भरू. ज्याचं मन आधीच खचलंय त्याला दहा दिवस मौनात बसवलं की तो आपल्याच काळ्या विचारांबरोबर एकटा पडतो. त्या फॉर्ममध्येच मानसिक आजाराबद्दल आणि चालू औषधांबद्दल विचारतात, ते उगाच नाही. बरं वाटल्यावर हवं तर जाऊ दे.
आणि "झोप नाही" म्हणजे काय? पडल्यावर लवकर लागत नाही, की पहाटे अडीच-तीनला जाग येते आणि मग डोळा लागत नाही?

तपोवन४२ | ८:४४
हजारो लोकांना फायदा झालाय. तुम्ही उगाच घाबरवताय.

सायली_गंगापूर_रोड | ८:४७
साधना वाईट आहे असं मी म्हटलेलंच नाही. वेळ चुकीची आहे म्हणतेय. ताप १०३ असताना कोणी सूर्यनमस्कार घालायला लावत नाही.

मनोमित्र | ९:०५
इंदिरानगरकर, झोपेचा प्रश्न सायलीताईंनी बरोबर विचारलाय. नुसत्या काळजीत माणूस अंथरुणावर तळमळतो, उद्याचं काय, हप्त्याचं काय, म्हणून झोप उशिरा लागते. नैराश्यात अनेकदा झोप लागते, पण नेहमीच्या वेळेच्या दोन-तीन तास आधी मोडते. अनेकांना सकाळ सर्वांत जड जाते आणि संध्याकाळी माणूस थोडा मोकळा वाटतो. घरचे संध्याकाळीच भेटतात, त्यामुळे "काल तर बरा होता की" असं वाटून फसतात. दोन्ही आजार एकत्रही असतात, ते तर फारच सर्रास.

घरी ओळखायचं तर मागचे दोन आठवडे डोळ्यांसमोर आणा आणि नऊ गोष्टी पाहा: मन उदास, कशातच रस नाही, झोप बिघडलेली, अंगात त्राण नाही, भूक कमी किंवा फार, स्वतःला नालायक समजणं, लक्ष न लागणं, हालचाल-बोलणं मंदावणं किंवा उलट सतत अस्वस्थ येरझारा, आणि जगण्यापेक्षा मेलेलं बरं असे विचार. प्रत्येकाला गुण द्या: अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. एकूण २७. दहा किंवा जास्त आले तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचंच. पाच ते नऊ असतील तर दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा. नवव्या प्रश्नाला शून्य सोडून काहीही आलं तर बेरीज करत बसू नका, त्याच दिवशी हालचाल करायची.

या बेरजेवरून आजाराचं नाव ठरत नाही. डॉक्टरकडे जायचं की नाही, एवढं ठरतं.

पुरुषांच्या बाबतीत घरचे इथेच चुकतात. रडणारा माणूस त्यांना आजारी वाटतो, खेकसणारा वाटत नाही. आपल्याकडे गडीमाणूस "मी उदास आहे" असं म्हणतच नाही. "डोकं भणभणतंय", "अंग जड झालंय", "जीव घाबरा होतो", "जेवण जात नाही" असं म्हणतो. मग ईसीजी निघतो, तो नॉर्मल येतो आणि सगळे म्हणतात काही झालं नाही. आळशी माणसाला आवडीचं काम दिलं की तो उठतो. ज्या माणसाला रोज पहाटे बागेत गेल्याशिवाय चैन पडत नव्हतं तोच बागेकडे पाठ फिरवतो, त्याला आळस म्हणू नका.

द्राक्षवेल_निफाड | ९:१२
प्लॉट कोणता, थॉमसन की सोनाका? छाटणी अजून लांबली तर माल उन्हाळ्यात सापडेल. छाटणीनंतर पेस्ट (फूट काढायचं रसायन) लगेच लावा, नाहीतर फूट एकसारखी निघत नाही.
आणि दादा फवारणी स्वतः करतो का? मास्क न लावता फवारलं तर औषध अंगात जातं, त्यानेही चक्कर, घाम, अशक्तपणा येतो.

मनोमित्र | ९:१८
फवारणीचा मुद्दा योग्य आहे, पण ती बाधा काही तासांत दिसते: लाळ, घाम, उलटी, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक, स्नायू फडफडणं. दीड महिना हळूहळू खचत जाणं हे वेगळं. तरी डॉक्टरांना सांगा. रक्तात टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, बी१२ पाहायला सांगा. थायरॉइड कमी असेल तर चित्र अगदी नैराश्यासारखंच दिसतं.

इंदिरानगरकर | ९:३०
थॉमसन, तीन एकर, दिंडोरी तालुका. वहिनीला फोन केला. पहाटे तीनला उठून ओट्यावर बसतो म्हणाली. जेवण अर्ध्यावर आलंय, पॅन्ट सैल झालीय. मेडिकलमधून झोपेची गोळी आणतो ती महिन्यापासून. दारू पूर्वी कधीमधी, आता रोज क्वार्टर. हे सगळं मला आत्ता कळतंय.

जुनं_सिडको | ९:३४
इथेच मूळ आहे. आजपासून दारू बंद करा, गोळ्या फेकून द्या. आठ दिवसांत माणूस ताळ्यावर येतो.

फार्मसीवाला | ९:४१
कृपा करून असं करू नका. दोन्ही एकदम तोडणं धोक्याचं आहे. रोज घेणाऱ्याची दारू अचानक थांबली की सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम सुटतो. काहींना फिट येते. दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन भलतंच दिसायला लागतं, तेव्हा तर थेट दवाखान्यातच न्यावं लागतं. अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी महिनाभर घेऊन एकदम सोडली तरी तसंच, ती डॉक्टर हळूहळू उतरवतात. आणि दारूवर ही गोळी घेतली तर श्वास मंदावतो. ही गोळी चिठ्ठीशिवाय द्यायचीच नसते. स्ट्रिप जपून ठेवा, नाव आणि मिलिग्रॅम डॉक्टरांना लागेल.

जुनं_सिडको | ९:४५
दारूमुळे नैराश्य येतं, हे तरी खरं ना?

फार्मसीवाला | ९:४९
येतं, आणि नैराश्यामुळेही दारू वाढते. इथे कोणतं आधी, हे डॉक्टर ठरवतील. क्रम विचारून घ्या: आधी मन बिघडलं की आधी पिणं वाढलं.

विमावाली_नाशिकरोड | ९:५२
मानसिक आजारावरच्या उपचारालाही आता आरोग्य विमा लागू आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपनीने शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं असतं. पॉलिसी आहे का?

इंदिरानगरकर | १०:०५
पॉलिसी वगैरे नंतर बघू. अजून एक गोष्ट सांगायची राहिली, मला ती एवढी मोठी वाटली नव्हती. परवा दादाने वहिनीला सोसायटीच्या कर्जाची वही, सातबारा, बँकेचं पासबुक असं सगळं एका पिशवीत घालून दाखवलं. "कुठे काय आहे ते तुला माहीत असावं" म्हणाला. ट्रॅक्टरची किल्ली चुलतभावाला देऊन टाकली. वहिनीला वाटलं, जबाबदारी शिकवतोय.

मनोमित्र | १०:०८
रविवारची वाट बघू नका. आज रात्रीच निघा. इतके दिवस उदास असलेला माणूस आवराआवर करायला लागला, वस्तू देऊन टाकू लागला, तर तो जीव देण्याच्या विचाराचा मोठा इशारा असतो. दोन दिवसांत अचानक शांत, हलका वाटायला लागला तर आनंद मानू नका, तो इशारा आणखी गंभीर.

निघण्याआधी वहिनींना फोन करून दोन गोष्टी करायला सांगा. एक, दादाला एकटं सोडायचं नाही, रात्री ओट्यावरही कोणीतरी सोबत बसायचं. दोन, फवारणीची सगळी औषधं, शेडमधली आणि घरातली, आत्ताच चुलतभावाच्या घरी कुलपात. झोपेच्या गोळ्याही वहिनींच्या ताब्यात. ही लाट अनेकदा काही तासांची असते. तेवढा वेळ हाताशी काही नसणं, यानेच जीव वाचतो.

मग भेटल्यावर सरळ विचारा.

इंदिरानगरकर | १०:११
काय विचारू? असं विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं घातल्यासारखं नाही का होणार?

सायली_गंगापूर_रोड | १०:१६
नाही होत. विचारल्याने कल्पना रुजत नाही, उलट माणसाला सुटल्यासारखं वाटतं. आडून आडून विचारू नका. "वेडंवाकडं काही करणार नाहीस ना?" असं विचारलं की तो "नाही" म्हणणारच, प्रश्नातच उत्तर आहे. असं विचारा: "दादा, इतका त्रास होतोय, तर जगूच नये असं मनात येतं का?" मग गप्प बसा. उत्तराला वेळ लागू द्या. हो म्हणाला तर पुढे: कसं करायचं ते ठरवलंय का, कधी? जितकं नेमकं सांगेल तितकी घाई करायची.
"लेकरांकडे बघ", "एवढ्यातेवढ्याने खचतोस काय" हे म्हणू नका. लेकरांचा आपण भार झालोय असंच त्याला आधीपासून वाटत असतं, त्यावर आणखी ओझं पडतं.

मनोमित्र | १०:२०
१४४१६ हा टेलिमानस, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आत्ता लावा. मोफत, चोवीस तास, मराठीत बोलतात. गाडीतून जाता जाता तुम्हीच बोला, पुढे काय करायचं ते सांगतील. हाताबाहेर गेलं तर १०८.
उद्या सकाळी त्र्यंबक नाक्याजवळच्या सिव्हिलला न्या, मनोविकार विभाग विचारा. आज रात्रीच धोका वाटला तर उद्याची वाट न बघता थेट अपघात विभागात.

जुनं_सिडको | १०:२४
सिव्हिलला नेलं तर पोलीस केस होईल, गावात बोभाटा होईल. खाजगीत न्या.

सायली_गंगापूर_रोड | १०:२९
मनात विचार येणं हा गुन्हा नाही. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ नुसार प्रयत्न केलेला माणूससुद्धा तीव्र ताणाखाली होता असंच धरतात, त्याच्यावर खटला चालवत नाहीत. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणंही त्याच कायद्यात आहे. खाजगीत जायचं तर जा, पण मानसोपचारतज्ज्ञच गाठा. समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ बोलून उपचार करतात, औषध लिहीत नाहीत. या अवस्थेत औषध देऊ शकणारा डॉक्टर आधी.

तपोवन४२ | १०:३३
मी शिबिराचं म्हटलं ते मागे घेतो. आधी दवाखाना. सांभाळून जा.

इंदिरानगरकर | शनिवार, दुपारी ३:४०
रात्री पावणेबाराला पोहोचलो. ओट्यावरच होता. विचारलं. बराच वेळ बोलला नाही, मग "येतं" म्हणाला. औषधं चुलतभावाकडे गेली. सकाळी सिव्हिलला आणलं. डॉक्टरांनी दादाशी एकट्याशी बोलून मग मला आत घेतलं. पिण्यामुळे आणि विचारांमुळे चार-पाच दिवस भरती ठेवायचं म्हणाले. रक्त घेतलंय. आधी कधी कमी झोपूनही खूप उत्साह, भरमसाट खर्च असं झालं होतं का, हे का विचारलं?

मनोमित्र | ४:०२
तसं होऊन गेलं असेल तर आजार वेगळा, बायपोलर. त्यात नुसतं नैराश्याचं औषध दिलं तर माणूस उलट्या टोकाला जाऊ शकतो. खरं तेच सांगा, आठवत नसेल तर वहिनींना विचारा.

इंदिरानगरकर | गुरुवार, रात्री ९:१५
काल घरी आणलं. थायरॉइड नॉर्मल, बी१२ कमी निघालं. उदासीची गोळी शनिवारीच सुरू केली होती. मळमळतंय म्हणतो, आणि फरक काहीच नाही. बंद करू का?

फार्मसीवाला | ९:२८
स्वतःहून बंद करू नका. जेवणानंतर द्या, मळमळ बहुतेकांची आठ-दहा दिवसांत जाते. नाही गेली तर डॉक्टरांना फोन. मन हलकं व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. या गोळ्यांची सवय लागत नाही, पण बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने तरी चालू ठेवतात आणि डॉक्टर सांगतील तशा उतरवतात. महिन्याने "आता बरा आहे" म्हणून सोडून देणारेच परत आजारी पडतात.

मनोमित्र | ९:३५
एक नीट लक्षात ठेवा. अंगातली ताकद आधी परत येते, मन नंतर. पहिले दोन-तीन आठवडे म्हणूनच नाजूक. तो हिंडा-फिरायला लागला तरी फवारणीच्या औषधांचं कुलूप काढू नका, गोळ्या वहिनींनीच हातावर द्यायच्या.

द्राक्षवेल_निफाड | ९:४४
छाटणीला टोळी हवी असेल तर सांगा. पेठकडची एक टोळी सोमवारी मोकळी होतेय.

सायली_गंगापूर_रोड | ९:५०
टोळी आणाच. पण "बागेचं काय करू?" असं दादाला विचारू नका, एवढा मोठा निर्णय त्याला आत्ता पेलणार नाही. "सोमवारी खालचा प्लॉट धरू की वरचा?" एवढंच विचारा. सकाळी दहा मिनिटं बांधावर येऊन उभा राहिला तरी त्या दिवसाचं काम झालं. बसून राहिला तर रागवू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवा. पेस्ट आणि फवारणी मात्र टोळीकडेच, त्याच्या हातात डबा नको.

इंदिरानगरकर | १०:१०
विचारलं. "वरचा" म्हणाला. द्राक्षवेलभाऊ, टोळीच्या मुकादमाला सोमवार पक्का सांगा, मी रविवारी रात्रीच गावी पोहोचतोय.