पोस्टग्रेस: ६ कोटी रो (टेबलातल्या ओळी) डिलीट केल्या तरी डिस्क रिकामी होईना, उलट अजून भरली

खटपट्या_सातारकर:
नमस्कार मंडळी. पोस्टग्रेस डेटाबेस, व्हर्जन १४, उबुंटू, ५०० जीबीची डिस्क. ऑडिटच्या टेबलात २०२१ पासूनचं सगळं साठलंय, टेबल ९० जीबीच्या आसपास. साहेबांनी हो म्हटलं म्हणून काल रात्री जुन्या रो थोड्या थोड्या करून उडवल्या, ६ कोटी तरी असतील. सकाळी डीएफ (डिस्क किती भरली ते दाखवणारी कमांड) मारून बघतो तर जागा सुटणं राहिलं बाजूला, ८८ टक्के होतं ते ९४ झालंय! ऑफिसातला एक जण म्हणतो व्हॅक्यूम फुल मार, मोकळं होईल. मारू का? बिलिंग पण ह्याच डेटाबेसवर आहे, दिवसा बंद करता येत नाही.

लॉगवाचक:
अजिबात मारू नको. व्हॅक्यूम फुल अख्खं टेबल नव्या फाइलीत लिहून काढतं, म्हणजे तेवढी मोकळी जागा आधी हवी, तुझ्याकडे जेमतेम ३० जीबी उरलीय. आणि ते चालू असेपर्यंत टेबलावर एक्स्क्लुझिव्ह लॉक, नुसतं वाचणारं सिलेक्टसुद्धा लटकतं. ऑडिटच्या टेबलात प्रत्येक बिलाची नोंद जात असणार, मग बिलिंगही बसलं.

डिलीटने डिस्क रिकामी होत नाही हे आधी डोक्यात घे. रो मेली अशी फक्त खूण होते. नंतर साधं व्हॅक्यूम येऊन ती जागा परत वापरण्यासारखी करतं पण फाइल तेवढीच राहते, अगदी शेवटची पानं रिकामी सापडली तरच तेवढा तुकडा कापून ओएसला देतं. त्यामुळे जागा सुटली नाही ह्यात नवल नाही. ६ टक्के वाढली का, ते शोधायला पाहिजे. पीजी_वॉल फोल्डर (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद, म्हणजे वॉल, तिथे साठते) किती मोठं आहे ते बघ आणि त्या टेबलावर व्हॅक्यूम व्हर्बोस (तपशील छापणारं व्हॅक्यूम) चालवून काय म्हणतंय ते इथे टाक.

खटपट्या_सातारकर:
पीजी_वॉल २१० जीबी!! सगळ्या १६-१६ एमबीच्या फाइली. आणि व्हॅक्यूम म्हणतंय की जवळपास सगळ्या ६ कोटी रो मेलेल्या आहेत पण 'अजून काढता येत नाहीत'. ह्या जुन्या वॉल फाइली हाताने उडवल्या तर चालेल का? नुसते लॉगच आहेत ना?

कोकणी_टर्मिनल:
अरे बाबा हात नको लावूस तिथे!! ते 'नुसते लॉग' नाहीत, क्रॅश झाल्यावर डेटाबेस त्यांच्यावरच उभा राहतो. पूर्वी ह्या फोल्डरचं नाव पीजी_एक्सलॉग होतं, लोक लॉग समजून उडवायचे आणि मग रडत बसायचे, म्हणून १० व्हर्जनला नाव बदलावं लागलं.

तुझा रेप्लिका (डेटाबेसची दुसऱ्या मशीनवरची चालू प्रत) बंद पडलाय का? पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स बघ, अ‍ॅक्टिव्ह कॉलममध्ये फॉल्स दिसतंय का, आणि एक्समिनमध्ये (अजून लागणाऱ्या सगळ्यात जुन्या ट्रान्झॅक्शनचा नंबर) आकडा आहे का.

खटपट्या_सातारकर:
एकच स्लॉट आहे. अ‍ॅक्टिव्ह फॉल्स, एक्समिनमध्ये आकडा आहे. रिपोर्टसाठी एक रेप्लिका होता, दिवाळीत ते मशीन काढून दुसऱ्या कामाला दिलं. स्लॉटचं कुणाला ठाऊकच नव्हतं.

कोकणी_टर्मिनल:
सापडला चोर. स्लॉट म्हणजे 'रेप्लिका येईपर्यंत हे वॉल जपून ठेव' असा हुकूम. रेप्लिका येतच नाही, प्रायमरी (मूळ डेटाबेस) बिचारा साठवतोय. काल तू ६ कोटी रो उडवल्यास, प्रत्येक डिलीट वॉलमध्ये लिहिलं जातं, शिवाय चेकपॉइंटनंतर (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवण्याचा टप्पा) पानाला पहिला हात लागला की ते पानच्या पान लिहिलं जातं. तुझे ६ टक्के तिथे गेले.

दुसरं म्हणजे रेप्लिकावर हॉट_स्टँडबाय_फीडबॅक (रेप्लिकाला लागणाऱ्या रो काढू नको असं प्रायमरीला कळवणारी सेटिंग) ऑन असणार, म्हणून एक्समिन अडकलाय. त्या आकड्यानंतर मेलेली कुठलीच रो व्हॅक्यूमला काढता येत नाही, कारण न जाणो रेप्लिकावरच्या एखाद्या क्वेरीला लागेल. अशा अवस्थेत व्हॅक्यूम फुल मारलं असतंस तर त्याने ह्या मेलेल्या रोसुद्धा नव्या फाइलीत कॉपी केल्या असत्या आणि मध्येच डिस्क संपली असती.

रेप्लिका परत येणार नसेल तर स्लॉट पीजी_ड्रॉप_रेप्लिकेशन_स्लॉटने काढ, मग चेकपॉइंट दे, जुन्या फाइली पोस्टग्रेस स्वतः साफ करेल. त्यानंतर साधं व्हॅक्यूम. पुढे कधी रेप्लिका लागला तर पीजी_बेसबॅकअपने पूर्ण प्रत काढून नव्याने घ्यायचा.

खटपट्या_सातारकर:
काढला. चेकपॉइंट संपल्यावर बघितलं तर डिस्क ५२ टक्के 🙏 आता व्हॅक्यूमने रो पण काढल्या. टेबल अजून ९० जीबीच दिसतंय, ते बारीक करू का?

लॉगवाचक:
ऑडिटला रोज नव्या रो येतातच ना, आतली मोकळी जागा त्यांनी भरेल, मी तरी हात लावला नसता. अगदीच हवं असेल तर पीजी_रीपॅक हे एक्स्टेन्शन, ते बहुतेक वेळ लॉक न धरता काम करतं, पण प्रायमरी की (प्रत्येक रो ओळखणारा कॉलम) किंवा नॉट-नल युनिक की लागते आणि दुप्पट जागा लागते. त्यापेक्षा टेबलाचे महिन्याप्रमाणे पार्टिशन (वेगळे तुकडे) कर, जुना महिना ड्रॉप केला की फाइलच जाते, व्हॅक्यूमचा प्रश्नच येत नाही.

आणि आजच मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइज (स्लॉटसाठी जास्तीत जास्त किती वॉल जपायचं ते) सेट करून टाक, १३ व्हर्जनपासून आहे, डीफॉल्ट उणे १ म्हणजे मर्यादाच नाही. ५० जीबी वगैरे ठेव. रेप्लिका मागे पडला तर तो तुटेल, प्रायमरी जाणार नाही.

पुणेरी_क्रॉन:
ह्यात भर, १८ मध्ये आयडल_रेप्लिकेशन_स्लॉट_टाइमआउट आलंय, पडून राहिलेला स्लॉट ठरलेल्या वेळाने आपोआप बाद होतो. तुमच्या १४ मध्ये नाही, तेव्हा क्रॉनला (ठरल्या वेळी आपोआप काम चालवतो तो) एक क्वेरी लावा, अ‍ॅक्टिव्ह फॉल्स दिसला की मेल. आणि मशीन काढणाऱ्या माणसाच्या चेकलिस्टमध्ये स्लॉटची एक ओळ घाला, तो डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) नसतो, त्याला कोण सांगणार?

खटपट्या_सातारकर:
चेकलिस्ट म्हणजे? 😅 बरं, क्रॉन आज लावतो, पार्टिशनचं मार्चनंतर बघू, इयर एंडला साहेब टेबलाला हात लावू देणार नाहीत.