सोलापूरच्या माळावर प्लॉटिंग : झाडं लावली की भागलं का?

माळकरी
शहराबाहेर कुठल्याही रस्त्याने निघा, माळावर चुन्याच्या रेघा मारलेल्या दिसतील. कमानीवर 'ग्रीन लेआउट', आत गुलमोहराची रोपं. माझं म्हणणं आहे की परवानगी देताना झाडं मोजणं बंद करावं. आधी न नांगरलेला, न खणलेला माळ कुठे उरलाय ते बघावं आणि बांधकाम तिथून हलवावं.

इथे वर्षाला साधारण ५५०-६०० मिलिमीटर पाऊस. मुरमावर वीतभर माती, त्यावर पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं. धाविक, चंडोल, पखुर्डी हे माळावरचे पक्षी भुईवरच अंडी घालतात. काळविटाला लांबवर दिसणारी मोकळी जागा लागते. तिथे गिरिपुष्पाच्या झाडांच्या रांगा लावल्या की माळ संपला, घर बांधा नाहीतर नका बांधू. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. माळढोकाची मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्यावर. असल्या पक्ष्याला 'एक तोडलं तर पाच झाडं लावू' ही कसली भरपाई?

हप्तेवाला
मालक, पक्ष्यांची काळजी घ्या, पण माणसांनी राहायचं कुठे? शहरात जागेचे भाव विचारून बघा. कुंभारीला विडी आणि यंत्रमाग कामगारांसाठी ३०,००० घरांचं रे नगर उभं राहिलं, २०२४ च्या जानेवारीत पहिल्या १५,००० घरांच्या चाव्या मिळाल्या. तेव्हा पण माळच मोजत बसायचं होतं का?

माळकरी
रे नगर माझ्याच बाजूचं उदाहरण आहे की. तिथे इमारतींत घरं आहेत. तेवढ्याच कुटुंबांना स्वतंत्र प्लॉट दिले असते तर किती जमीन लागली असती? गरिबाने जागा कमीच खाल्ली. माझी तक्रार गुंतवणूक म्हणून घेऊन वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवलेल्या प्लॉटांबद्दल आहे. रस्ते पाडलेत, खांब रोवलेत, राहायला कोणी नाही. माणसाचीही सोय नाही, चंडोलाचीही नाही.

उत्तर तालुका
अभयारण्य म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो. कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, त्यात अख्खी गावं गेली. जमीन विकायची म्हटली की अडचण, विहिरीला ब्लास्टिंग करायचं म्हटलं की अडचण. पुढे ते १,२२२ वर आणलं तेव्हा कुठे श्वास घेतला. आता पुन्हा 'माळ सोडा' म्हणता. सोडतो. पण ज्याचा सातबारा त्याच्या पदरात काय? पोरीच्या लग्नाला तोच तुकडा विकायचा असतो, धाविक विकता येत नाही.

साईट इंजिनिअर
दोन्हीकडून भावना झाल्या, जरा कामाचं बोलू. विणीच्या दिवसांत मातीकाम बंद ठेवा म्हणतात. काळ्या रानात पावसाळ्यात जेसीबी रुततो, म्हणून आम्ही उन्हाळ्यातच खणतो, आणि नेमकी तेव्हाच टिटवीची अंडी असतात. बरं, टिटवी येते कुठे? आम्ही सपाट केलेल्या मुरमावरच! मागच्या एका साईटवर रोलरवाल्याने चार अंडी बघून भोवती दगड मांडले, पिल्लं निघेपर्यंत तेवढा पट्टा सोडला. म्हणजे बांधकामाने सगळंच मरतं, हे काही खरं नाही.

माळकरी
रोलरवाल्याला नमस्कार. पण टिटवी गच्चीवरसुद्धा अंडी घालते, तिच्यावरून माळाची तब्येत ठरवू नका. आणि तुमच्या साईटवरचा मुरूम येतो कुठून? दुसऱ्या कुठल्यातरी माळाची टेकडी खणूनच ना? तो खड्डा तुमच्या लेआउटच्या हिशोबात धरतच नाहीत.

नियमांतही भोक आहे. केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे इमारतीला २०,००० चौरस मीटर बांधकामापासून पर्यावरण मंजुरी लागते. नुसते प्लॉट पाडून विकणारा ५० हेक्टरच्या आत राहिला की सहसा त्याला कोणी विचारत नाही. असे दहा लेआउट शेजारी-शेजारी आले की माळ गेला, आणि कागदोपत्री कोणीच काही केलेलं नाही.

साईट इंजिनिअर
मुरमाचं पटलं. मग करता येण्यासारखं सांगा.

माळकरी
लेआउटमध्ये दहा टक्के ओपन स्पेस सोडावीच लागते. ती कोपऱ्या-कोपऱ्यात तुकडे करून सोडतात, वर लॉन आणि घसरगुंडी. शेजारच्या लेआउटांनी ती ओढ्याच्या कडेला एकसलग ठेवावी, गवत तसंच राहू द्यावं. ओढा पाईपात घालू नये. विजेच्या तारा जमिनीखालून न्याव्यात, माळढोकासारखा जड पक्षी तारेवर आदळून मरतो.

उत्तर तालुका
हे शहराजवळ ठीक. आमच्याकडे गवत राखणाऱ्याला एकरी वर्षाचे ठरलेले पैसे द्या, मी स्वतः नांगर लावणार नाही. पैसे कोण देणार ते आधी लिहा.

हप्तेवाला
आणि ते प्लॉटच्या भावात आमच्याकडूनच वसूल होणार नाहीत, हेही लिहा.

माळकरी
रिकाम्या प्लॉटवर दरवर्षी वाढता कर लावा, त्यातून द्या. घर बांधून राहणाऱ्याला त्यातला एक रुपया पडणार नाही.

हप्तेवाला
माझा प्लॉट चार वर्षं रिकामाच आहे. बांधायला पैसे नाहीत म्हणून.